बिल्ड होतो, लाल रेघ नाही, तरी ॲप उघडताच बंद: पहिल्या ॲपचा क्रॅश कसा शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अँड्रॉइड स्टुडिओत जावा वापरून पहिलंच ॲप केलंय. पहिल्या स्क्रीनवर जन्मवर्ष टाकायचं, बटण दाबायचं आणि दुसऱ्या स्क्रीनवर वय दिसायला हवं. कोडमध्ये कुठे लाल रेघ नाही, बिल्ड (कोडपासून ॲप तयार होणं) व्यवस्थित होतो, पण फोनवर ॲप उघडलं की लगेच बंद पडतं. तीनदा काढून पुन्हा टाकलं, स्टुडिओही नव्याने इन्स्टॉल केला, इकडून तिकडून कोड आणून चिकटवून पाहिला. काही फरक नाही.

आधी एक विनंती. स्टुडिओ पुन्हा इन्स्टॉल करू नका, आणि नवीन कोड चिकटवणंही थांबवा. बिल्ड होतोय म्हणजे स्टुडिओ, एसडीके (अँड्रॉइडचा साधनसंच), ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) सगळं आपापलं काम करतंय. ‘क्लीन प्रोजेक्ट’, ‘इनव्हॅलिडेट कॅशेस’ हे उपाय बिल्ड अडला तर करायचे. चालू झालेलं ॲप कोसळत असेल तर चूक जवळजवळ नेहमी आपल्या कोडमध्ये, लेआउटमध्ये (स्क्रीनच्या मांडणीची फाइल) किंवा मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या स्क्रीन आणि परवानग्यांची नोंद असलेली फाइल) असते. कोणत्या ओळीवर कोसळलं हे फोनने आधीच लिहून ठेवलेलं असतं. नवीन शिकणाऱ्याला कोड लिहायला सगळे शिकवतात, ही नोंद वाचायला फारसं कुणी शिकवत नाही. म्हणून मी त्यापासूनच सुरुवात करतो.

फोन केबलने जोडा आणि यूएसबी डीबगिंग चालू आहे का ते पाहा. डेव्हलपर ऑप्शन्स दिसत नसतील तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. स्टुडिओच्या खालच्या पट्टीत लॉगकॅट, म्हणजे फोनच्या नोंदी दाखवणारी खिडकी, उघडा. तिथे फोन सतत काहीबाही लिहीत असतो आणि त्या पुरात पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतोच. वरच्या चौकटीत इंग्रजीत ‘पॅकेज:माइन’ (package:mine) लिहिलं की फक्त तुमच्या ॲपच्या ओळी उरतात, आणि त्यापुढे ‘इज:क्रॅश’ (is:crash) लिहिलं की फक्त क्रॅशच्या. आता ॲप चालवा आणि पडू द्या.

लाल अक्षरांत वीस-तीस ओळी येतील. सुरुवात ‘फेटल एक्सेप्शन: मेन’ अशी असेल. त्याखाली प्रोसेसचं नाव, मग ‘रनटाइमएक्सेप्शन: अनेबल टू स्टार्ट ॲक्टिव्हिटी’ (ॲक्टिव्हिटी म्हणजे ॲपची एक स्क्रीन). बहुतेक जण इथपर्यंत वाचतात, ‘ॲक्टिव्हिटी सुरू झाली नाही’ एवढाच अर्थ काढतात आणि तेच शब्द शोधायला निघतात. ती ओळ म्हणजे नुसतं पाकीट आहे, पत्र आत आहे. खाली जा. अँड्रॉइडच्या स्वतःच्या फाइलींची नावं असलेल्या दहा-बारा ओळी ओलांडा आणि ‘कॉज्ड बाय’ या शब्दांशी थांबा. ‘कॉज्ड बाय’ एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यात शेवटचं घ्या. मूळ कारण तिथे असतं.

तुमच्या ॲपचं वर्णन वाचून मला वाटतं की तिथे असं काहीतरी असेल: नलपॉइंटरएक्सेप्शन, ‘सेटटेक्स्ट’ ही मेथड एका नल ऑब्जेक्टवर बोलावण्याचा प्रयत्न झाला. आणि त्याच्या लगेच खाली: मेनॲक्टिव्हिटी डॉट ऑनक्रिएट, कंसात मेनॲक्टिव्हिटी डॉट जावा:२४.

या दोन ओळींत सगळं आलं. काय झालं, तर जी वस्तू अस्तित्वातच नाही तिला काम सांगितलं. कोणतं काम, तर सेटटेक्स्ट. कुठे, तर मेनॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे पहिल्या स्क्रीनच्या कोडच्या, २४व्या ओळीवर, स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या ऑनक्रिएटमध्ये. फाइलचं नाव निळ्या अक्षरांत असतं, त्यावर क्लिक केलं की स्टुडिओ थेट त्या ओळीवर नेऊन सोडतो. ‘कॉज्ड बाय’च्या खाली बऱ्याच ओळी अँड्रॉइडच्या किंवा एखाद्या लायब्ररीच्या असतील तर त्या सोडा. वरून खाली येताना तुमच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा आणि तिथून तपास सुरू करा.

आता तुमचा खरा प्रश्न: वस्तू नाही, तर मग लाल रेघ का आली नाही? हे नीट समजून घ्या, कारण यापुढच्या कितीतरी ॲपमध्ये हेच भेटणार आहे.

बिल्ड होताना अँड्रॉइड तुमच्या सगळ्या लेआउट फाइलींमधले आयडी गोळा करून ‘आर’ नावाच्या एकाच क्लासमध्ये टाकतो. पहिल्या स्क्रीनच्या लेआउटमध्ये बटण आहे, दुसऱ्या स्क्रीनच्या लेआउटमध्ये वय दाखवायचा टेक्स्टव्ह्यू आहे, आणि आयडी दोन्हींचे एकाच डब्यात. तुम्ही मेनॲक्टिव्हिटीमध्ये दुसऱ्या स्क्रीनवरच्या टेक्स्टव्ह्यूचा आयडी देऊन फाइंडव्ह्यूबायआयडी लिहिलंत, तर कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा) डब्यात बघतो. आयडी सापडतो, तो पुढे जातो. तो आयडी कोणत्या स्क्रीनवरचा आहे हे त्याला माहीतच नसतं. ॲप चालू झाल्यावर फाइंडव्ह्यूबायआयडी मात्र फक्त समोर लावलेल्या लेआउटमध्ये शोधतं. तिथे तो टेक्स्टव्ह्यू नसतो, म्हणून हातात नल येतं. ही ओळ अजूनही कोसळत नाही. कोसळते ती पुढची, जिथे तुम्ही त्या नलला मजकूर दाखवायला सांगता. म्हणून नल दिसलं की क्रॅशच्या ओळीवर थांबू नका, त्या व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू कुठून आली त्या ओळीपर्यंत मागे जा.

यावरचा उपाय सरळ आहे. एका स्क्रीनने दुसऱ्या स्क्रीनच्या वस्तूला हात लावायचा नाही. मेनॲक्टिव्हिटीने आकडा इंटेंटमधून (एका स्क्रीनकडून दुसरीकडे जाणारा निरोप) पाठवायचा आणि दुसऱ्या ॲक्टिव्हिटीने तो आपल्या टेक्स्टव्ह्यूमध्ये लावायचा.

याच घरातल्या आणखी दोन चुका आहेत. फाइंडव्ह्यूबायआयडी हे सेटकंटेंटव्ह्यूच्या (स्क्रीनवर लेआउट लावणाऱ्या ओळीच्या) आधी लिहिलं, तर लेआउट अजून लागलेलाच नाही, मग सापडणार काय? आणि काही जण बटणाचं व्हेरिएबल ऑनक्रिएटच्या बाहेर, क्लासच्या अगदी वर जाहीर करतात आणि तिथेच फाइंडव्ह्यूबायआयडी लिहून मोकळे होतात. त्या वेळी ॲक्टिव्हिटीला अजून खिडकीच मिळालेली नसते. असं असेल तर ‘स्टार्ट’च्या ऐवजी ‘अनेबल टू इन्स्टँशिएट ॲक्टिव्हिटी’ असे शब्द दिसतील. व्हेरिएबल वर जाहीर करा, त्यात व्हॅल्यू मात्र सेटकंटेंटव्ह्यूच्या खाली भरा.

माझं स्पष्ट मत सांगतो: हे एकदा हाताने समजून घेतलं की फाइंडव्ह्यूबायआयडी सोडून व्ह्यू बाइंडिंग वापरायला लागा. अँड्रॉइड स्टुडिओ ३.६ पासून, म्हणजे २०२० पासून ते आहे. त्यात प्रत्येक लेआउटसाठी वेगळा क्लास तयार होतो, त्यामुळे दुसऱ्या स्क्रीनचा टेक्स्टव्ह्यू पहिल्या स्क्रीनवर मागितला तर बिल्डच्या आधीच लाल रेघ येते. जी चूक फोनवर कळायची ती टाइप करतानाच कळते. जावाऐवजी कोटलिन या भाषेकडे गेलात तर नलचा त्रास आणखी कमी होतो. पण तिथे दोन उद्गारचिन्हं लावून नलची तपासणी गप्प करायची सवय लावून घेऊ नका. त्या दोन चिन्हांमुळे हाच क्रॅश परत येतो.

उघडतानाचा क्रॅश गेला की तुमचं ॲप बहुधा बटण दाबल्यावर पडेल. ही प्रगती आहे, निराश होऊ नका. एक चूक सुटली म्हणून तिच्या मागची दुसरी दिसायला लागली.

बटणावर तुम्ही एडिटटेक्स्टमधला (टाइप करायच्या चौकटीतला) मजकूर घेऊन इंटिजर डॉट पार्सइंट करत असणार, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करत असणार. जन्मवर्ष न टाकताच बटण दाबून पाहा. नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येईल, ‘फॉर इनपुट स्ट्रिंग’ आणि पुढे रिकामं अवतरण. त्या रिकाम्या अवतरणातच उत्तर आहे: मजकूर रिकामा होता. अनेक जण म्हणतात की इनपुटटाइप नंबर ठेवलाय, मग अडचण काय. त्याने फक्त आकड्यांचा कीबोर्ड येतो, चौकट रिकामी ठेवायला तो अडवत नाही. कुणी बोट दाबून धरून अकरा वेळा ९ टाइप केला तरी हाच क्रॅश, कारण इंटिजरमध्ये २१४७४८३६४७ पर्यंतच आकडा मावतो. मजकूर ट्रिम करा, रिकामा असेल तर त्या चौकटीवर सेटएरर लावून परत फिरा, आणि मॅक्सलेंग्थ चार ठेवा.

त्यानंतर दुसरी स्क्रीन. ‘ॲक्टिव्हिटीनॉटफाउंडएक्सेप्शन’ आलं तर तो संदेश संपूर्ण वाचा. ही ॲक्टिव्हिटी मॅनिफेस्टमध्ये जाहीर केली आहे का, असं तो स्वतःच विचारतो. स्टुडिओच्या मेनूतून ‘न्यू ॲक्टिव्हिटी’ केली तर नोंद आपोआप होते, ‘न्यू जावा क्लास’ करून वर ‘एक्स्टेंड्स’ लिहिलं तर होत नाही.

आणि आता वय दाखवतानाची चूक. ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसते आणि नवीन माणसाला सगळ्यात जास्त चक्रावून टाकते. समजा वय २६ आलं. तुम्ही लिहिता, टेक्स्टव्ह्यू डॉट सेटटेक्स्ट, कंसात वय. लाल रेघ नाही. ॲप पडतं आणि लॉगकॅट म्हणतो: रिसोर्सेस नॉटफाउंडएक्सेप्शन, स्ट्रिंग रिसोर्स आयडी ०एक्स१ए. माणूस म्हणतो, मी तर कुठला रिसोर्स वापरलाच नाही!

वापरला आहे, नकळत. सेटटेक्स्ट या नावाच्या मेथड एकापेक्षा जास्त आहेत. एक मजकूर घेते. दुसरी इंटिजर घेते, पण त्या इंटिजरला ती आकडा समजत नाही, स्ट्रिंग्जच्या फाइलमधल्या एखाद्या वाक्याचा आयडी समजते. तुम्ही २६ दिलंत, ती २६ क्रमांकाचं वाक्य शोधायला गेली. ०एक्स१ए म्हणजे सोळाच्या पायातले २६: एक सोळा आणि ए म्हणजे दहा. तुमचं वयच तिथे वेषांतर करून उभं आहे. त्यामुळे या एररमध्ये असा लहानसा आयडी दिसला की ओळखायचं, कुणीतरी आकडा थेट सेटटेक्स्टला दिलाय. खरे रिसोर्स आयडी लांबलचक असतात आणि ॲपचे स्वतःचे तर ०एक्स७एफने सुरू होतात. स्ट्रिंग डॉट व्हॅल्यूऑफमध्ये वय गुंडाळा, झालं.

इंटेंटबद्दल एवढंच: पुटएक्स्ट्राला वय इंटिजर म्हणून दिलंत आणि पलीकडे गेटस्ट्रिंगएक्स्ट्राने मागितलंत, तर तिथे क्रॅश होत नाही, गुपचूप नल मिळतं. लॉगकॅटमध्ये फक्त एक इशारा येतो की या ‘की’ला (पाठवलेल्या व्हॅल्यूला दिलेल्या नावाला) स्ट्रिंग अपेक्षित होती पण इंटिजर निघाला. कीच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी हीच गत. गेटइंटएक्स्ट्रा वापरलं असेल तर तुम्ही दिलेली डीफॉल्ट व्हॅल्यू येते आणि स्क्रीनवर वय ० दिसतं. की दोन्हीकडे हाताने टाइप न करता एका कॉन्स्टंटमध्ये ठेवा.

इथपर्यंत आलात की ॲप तुमच्या फोनवर चालेल. मग ते दुसऱ्याच्या फोनवर टाकाल आणि तिथे पडेल. याची कारणं वेगळी असतात. त्यातलं एक मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

मी एकदा वजन आणि उंचीवरून एक आकडा काढणारं छोटं ॲप केलं होतं. आकडा स्ट्रिंग डॉट फॉरमॅटने एका दशांशापर्यंत कापायचा, साठवायचा, आणि पुढच्या वेळी डबल डॉट पार्सडबलने परत वाचायचा. माझ्या फोनवर, इम्युलेटरवर (संगणकावरचा नकली फोन), सगळीकडे व्यवस्थित. एका परिचिताच्या फोनवर मात्र दुसऱ्यांदा उघडलं की हमखास क्रॅश. दोन दिवस मी साठवण्याच्या कोडवर संशय घेत बसलो. शेवटी त्याचा फोन केबलला लावला, तेव्हा नंबरफॉरमॅटएक्सेप्शन दिसलं, आणि अवतरणात होतं ‘२२.५’, देवनागरी अंकांत. त्याच्या फोनची भाषा मराठी होती. स्ट्रिंग डॉट फॉरमॅट फोनच्या भाषेप्रमाणे अंक लिहितं आणि मराठीसाठी ते अंक देवनागरी असतात. पार्सडबलला मात्र ते अंक वाचता येत नाहीत. गंमत म्हणजे पार्सइंटला येतात, त्यामुळे पूर्णांकांवर कधी अडलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. माणसाला दाखवायचा आकडा फोनच्या भाषेत, आणि यंत्राने परत वाचायचा आकडा लोकेल डॉट यूएस देऊन, म्हणजे इंग्रजी अंकांत. त्याहून बरं म्हणजे साठवताना मजकूर न करता आकडा आकडा म्हणूनच साठवायचा. आणि ॲप कुणाला देण्याआधी फोनची भाषा मराठी करून एकदा सगळ्या स्क्रीन फिरून यायच्या. आपल्या भाषेत फोन वापरणाऱ्या माणसाच्या हातातच आपलं ॲप बंद पडावं, हे मला खरंच लागतं.

दुसरं कारण चित्रांचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातला फोटो तसाच्या तसा ड्रॉएबल फोल्डरमध्ये टाकून बॅकग्राउंड केला जातो. फाइल ३ एमबीची दिसते, मग काय बिघडलं? स्क्रीनवर दाखवायला फाइल उलगडावी लागते आणि प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. साध्या ड्रॉएबल फोल्डरमधलं चित्र अँड्रॉइड १६० डीपीआयच्या (एका इंचातले ठिपके) स्क्रीनसाठी आहे असं धरतो. फोन ४८० डीपीआयचा असेल तर तो चित्र दोन्ही बाजूंनी तिप्पट करतो, म्हणजे मेमरी नऊपट, ४३ कोटी बाइटच्या वर. मग ‘आउटऑफमेमरीएरर’ किंवा ‘ट्राइंग टू ड्रॉ टू लार्ज बिटमॅप’. फोटो आधी लहान करा आणि ड्रॉएबल-नोडीपीआय फोल्डरमध्ये ठेवा. जाता जाता, चित्र चुकून ड्रॉएबल-व्ही२४ मध्ये पडलं असेल तर अँड्रॉइड ७.० च्या आधीच्या फोनला ते सापडतच नाही आणि तिथे लेआउट उलगडतानाच ॲप पडतं.

परवानग्यांचंही असंच. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, कॅमेरा किंवा लोकेशनसाठी मॅनिफेस्टमधली नोंद पुरत नाही, चालू ॲपमध्ये विचारावं लागतं. पुढे इंटरनेटवरून काही आणायला लागाल तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. मॅनिफेस्टमध्ये इंटरनेटची परवानगी हवी. ते काम मेन थ्रेडवर (स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर) केलं तर ‘नेटवर्कऑनमेनथ्रेडएक्सेप्शन’ येतं. आणि अँड्रॉइड ९ पासून साधे एचटीटीपी पत्ते डीफॉल्टने अडवले जातात, एचटीटीपीएस वापरा. वेगळ्या थ्रेडवरून थेट टेक्स्टव्ह्यूला हात लावलात तरी ॲप पडेल, त्यासाठी रनऑनयूआयथ्रेड आहे.

तुम्ही चिकटवून पाहिलेल्या कोडमध्ये कुठे सगळ्या ऑनक्रिएटभोवती ट्राय-कॅच (चूक पकडून ॲप पडू न देणारा कोड) असेल आणि कॅचचा कंस रिकामा असेल, तर तो आजच काढा. क्रॅश थांबतो हे खरं, पण लॉगकॅटमधली ती मोलाची ओळही जाते. उरते एक अर्धवट पांढरी स्क्रीन, आणि का झालं याचा काही मागमूस नाही. ट्राय-कॅच तिथेच लावा जिथे काय चुकू शकतं हे तुम्हाला नावानिशी माहीत आहे आणि चुकलं तर काय करायचं हेही ठरलेलं आहे. आणि कॅचमध्ये निदान लॉग डॉट ईने एक्सेप्शन लिहून ठेवा.

ओळ सापडली पण व्हॅल्यू नल का हे कळत नसेल, तर त्या ओळीच्या डावीकडच्या पट्टीत क्लिक करून ब्रेकपॉइंट लावा आणि रनच्या ऐवजी डीबग दाबा. ॲप त्या ओळीशी थांबतं, आणि खाली प्रत्येक व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी काय आहे ते दिसतं. एकेक ओळ पुढे सरकत जा. तुमच्या मनात एक चित्र असतं की इथे १९९८ असेल, आणि समोर रिकामी स्ट्रिंग दिसते. तिथेच चूक पकडली जाते.

आता तुमच्या ॲपसाठी नेमकं काय करायचं. रिकामा ट्राय-कॅच कुठे असेल तर काढा, ॲप पडू द्या, शेवटचं ‘कॉज्ड बाय’ शोधा. नलपॉइंटर असेल तर त्या ओळीवरचा आयडी ॲक्टिव्हिटी_मेनच्या लेआउटमध्ये खरंच आहे का ते डोळ्यांनी पाहा. तो सुटला की चौकट रिकामी ठेवून एकदा, २६ सारखं साधं वय येईल असं वर्ष टाकून एकदा, आणि फोन मराठीत करून एकदा बटण दाबा.

तरीही अडलात तर ‘फेटल एक्सेप्शन’पासून शेवटच्या ‘कॉज्ड बाय’खालच्या चार-पाच ओळींपर्यंतचा मजकूर कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, त्यात ओळी कापल्या जातात. सोबत एररमध्ये जो क्रमांक आहे त्या ओळीच्या वरच्या-खालच्या दहा ओळी आणि त्या स्क्रीनची लेआउट फाइल द्या.